होडीतली दुसरी बॅटरी

मंडळी, बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग गुडघ्याने असहकार पुकारला. "आत्या, ब्लॉग बंद केलास का गं?" असा नाशिकहून भाचीचा फोन आला तेव्हा मला अपराध्यासारखं वाटलं. म्हणून आज बसलेच आहे. पण विषय वाचून हसू नका. पुणे विद्यापीठाची मराठी घेऊन बी.ए. झालेली, पस्तीस वर्षं मुलांना समास आणि वृत्तं शिकवलेली मी आज होडीतल्या वायरिंगवर लिहिणार आहे!

झालं असं, की दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. दहावीला माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. निबंधाचा विषय कुठलाही द्या, हा नदीवर येऊन पोचायचा. त्याला कारणही होतं. दौंड तालुक्याच्या पूर्व टोकाला, उजनीच्या फुगवट्याच्या काठी त्याचं घर. १९८० साली धरण पुरं झालं, आजोबांची काळी जमीन पाण्याखाली गेली आणि ज्या पाण्याने शेत खाल्लं त्याच पाण्यात घरच्यांनी जाळं टाकलं. आता त्याची स्वतःची फायबरची होडी आहे. पहाटे मासेमारी, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पुण्या-मुंबईची माणसं रोहित पक्षी बघायला येतात त्यांना फिरवणं, असा दुहेरी धंदा.

चकली मोडता मोडता तो म्हणाला, "बाई, सरांची ती काचेची पिचकारी अजून आहे का हो घरी? बॅटरी तपासायची?"

सर म्हणजे आमचे हे. खरं तर ते सर नव्हेत, दौंड जंक्शनला रेल्वेत 'ट्रेन लायटिंग'मध्ये होते. डब्यातले दिवे, पंखे आणि डब्याच्या पोटाखालच्या बॅटऱ्या हे त्यांचं खातं. पण मास्तरणीचा नवरा म्हणून पोरं त्यांनाही सरच म्हणायची. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. ती पिचकारी, म्हणजे हायड्रोमीटर, आणि त्यांची रेघी वही कपाटात तशीच आहे. मी म्हटलं, "आहे की. तुला कशाला हवी?"

मग त्याने गेल्या मार्चमधली हकीकत सांगितली.

संध्याकाळची फेरी होती. चार पाहुणे, हा आणि त्याची नववीतली लेक. पाहुण्यांनी मोबाईल चार्जिंगला लावले, स्पीकरवर गाणी लावली. रोहितांचा थवा जवळून दिसावा म्हणून मशीन बंद करून होडी तशीच तरंगत ठेवली. मग आणखी जरा थांबा, आणखी जरा थांबा असं करत दिवस बुडाला. ह्याने मोठा दिवा लावला. निघायच्या वेळी चावी फिरवली तर मशीनमधून नुसता 'कट्' आवाज. पुन्हा फिरवली, पुन्हा 'कट्'. बॅटरी उतरली होती. अडीनडीला ओढायची दोरी असते, ती उन्हाने विरलेली, दुसऱ्या हिसक्याला हातात आली. तेवढ्यात वारा सुटला. एक वल्हं होतं, त्याने होडीचं तोंड वाऱ्याला धरून ठेवण्यापलीकडे काही होईना. शेवटी पाहुण्यांच्या मोबाईलवरून भावाला फोन केला आणि तासा-दीड तासाने भाऊ दुसरी होडी घेऊन आला. कुणाला काही झालं नाही. पण काठावर उतरल्यावर लेकीने एवढंच विचारलं, "पप्पा, कुगावची होडी अशीच होती का?"

तुमच्यापैकी जे लांब राहतात त्यांच्यासाठी सांगते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली. सहा जण गेले. त्यांत लहान मुलंही होती. तिथे कारण वाऱ्याचं होतं, बॅटरीचा काही संबंध नव्हता. पण ज्या होडीचं मशीन ऐनवेळी चालू होत नाही, तिला वारा सुटला की काठ गाठायला दुसरं साधन नसतं. हे त्या मुलीला बरोबर कळलं होतं. "तेव्हापासून बाई, मी दुसरी बॅटरी घ्यायची म्हणतोय," तो म्हणाला, "पण कुणी म्हणतं दोन्ही एकत्र जोड, कुणी म्हणतं वेगळ्या ठेव."

हे ऐकताना मला माझं आजोळ आठवलं. माझं माहेर शिरूरचं, घोडनदीचं. आजोळ त्याच नदीकाठी, थोडं खालच्या अंगाला. पावसाळ्यात नदी भरली की पलीकडे जायला गुळाच्या गुऱ्हाळातली काहील असायची. हो, उसाचा रस आटवायची तीच ती मोठी पसरट कढई! तिच्यात आम्ही पाच-सहा जण दाटीवाटीने बसायचो. काहील गोल असल्याने पाण्यात भोवऱ्यासारखी फिरायची. चालवणारे नाना एका बांबूने ती सावरायचे, आणि दुसरा बांबू तळाशी आडवा ठेवलेला असायचा. त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. एकदा मी धरायला म्हणून तो उचलला तर केवढ्याने ओरडले होते! आज वाटतं, नानांनी मला तेव्हाच शिकवलं होतं. जादा वस्तू ती, जी रोजच्या वापरात येत नाही. आली की ती जादा राहत नाही.

दुसऱ्या रविवारी तो लेकीला घेऊन आला. मी यांची वही काढून ठेवली होती. आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. मुलगी मला आधी बाई म्हणत होती, दुपारपर्यंत आजी म्हणायला लागली.

वहीत पहिल्या पानावरच यांनी लिहून ठेवलंय की बॅटऱ्या दोन जातींच्या. एक धावणारी आणि एक चालणारी. मोटारीच्या, मशीन सुरू करायच्या बॅटरीत पातळ आणि पुष्कळ प्लेटा असतात. ती दोन-चार सेकंद प्रचंड ताकद देते आणि मोकळी होते. तिला तासन्‌तास दिवे ओढायला लावले की प्लेटा खराब होतात. दुसरी जाड प्लेटांची, इन्व्हर्टरला असते तसली. ती हळूहळू पण बराच वेळ देते. गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ साली शिशाच्या दोन पत्र्यांमध्ये कापड घालून त्यांची वळकटी केली आणि ती गंधकाच्या पातळ आम्लात बुडवली, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. प्रत्येक घरात साधारण २ व्होल्ट, अशी सहा घरं एकापुढे एक, म्हणून १२ व्होल्ट.

मग मुलीने त्या संध्याकाळचा हिशेब मांडला. वॉटला १२ ने भागायचं आणि तासांनी गुणायचं, की अँपिअर-तास येतात. मोठा ५५ वॉटचा दिवा एक तास, म्हणजे ४.६. छोटा १० वॉटचा एलईडी चार तास, ३.३. चार मोबाईल दोन-दोन तास, ६.७. स्पीकर २० वॉटचा तीन तास, ५. बेरीज १९.६, धरा २०. आणि होडीत बॅटरी होती ३५ अँपिअर-तासांची, तीही तीन वर्षं जुनी. असल्या बॅटरीतलं निम्म्याहून जास्त काढू नये असं वहीत लिहिलेलं, म्हणजे सतराच्या पुढे नाही. "म्हणजे पप्पा, ती बंद पडणारच होती," मुलगी म्हणाली. बाप गप्प बसला. गणित बरोबर आलं की कधी कधी असं होतं.

आता दोन बॅटऱ्या कशा जोडायच्या हा प्रश्न. प्लसला प्लस, मायनसला मायनस असं कायमचं जोडलं तर व्होल्ट १२ च राहतात आणि साठा वाढतो. (उलट एकीच्या प्लसला दुसरीचं मायनस जोडलं तर २४ व्होल्ट होतात आणि दिव्यांचा निकाल लागतो!) पण कायम एकत्र जोडल्या तर दोन्ही एकदमच उतरतात. मोठा टाका म्हणून ठीक, अडचणीला मात्र काही उरत नाही. नानांचा दुसरा बांबूही वल्हवायला घेतल्यासारखं. म्हणून दोघींच्या मधे चावी हवी. बाजारात होडीसाठी चार खुणांची फिरती चावी मिळते: पहिली, दुसरी, दोन्ही, बंद. तिचा एकच धोका, मशीन चालू असताना ती 'बंद'वर नेली तर चार्जिंगच्या यंत्रणेतले डायोड जळू शकतात. दुसरा उपाय म्हणजे आपोआप चालणारा रिले. मशीन सुरू होऊन पहिली बॅटरी भरत आली, व्होल्ट साधारण सव्वातेराच्या वर गेले, की तो दुसरीला जोडून घेतो, आणि मशीन थांबून व्होल्ट उतरले की तोडतो. मग गाणी कितीही वाजवा, पहिलीला धक्का लागत नाही. आम्ही रिलेच घ्यायचं ठरवलं, आणि हाताने जोडायची एक साधी चावी वेगळी, अगदीच वेळ आली तर.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग मी मधे तोंड घातलं.

आमच्या जिन्याखाली इन्व्हर्टरची जुनी बॅटरी आहे. २०१६ साली यांनी स्वतः दुकानात जाऊन, घरांतलं पाणी बघून, घासाघीस करून आणलेली. नवा इन्व्हर्टर आला तरी मी ती भंगारात दिली नव्हती. दर महिन्याला शेजारच्या मुलाकडून तिच्यात डिस्टिल्ड पाणी घालून घ्यायची. मी म्हटलं, "अरे, नवी कशाला विकत घेतोस? सरांची बॅटरी ने. जाड प्लेटांचीच आहे. तेवढंच त्यांचं काहीतरी पाण्यावर फिरेल." त्याचे डोळे भरून आले. "बाई, चालेल?" म्हणाला.

मुलगी म्हणाली, "आजी, आधी ती पिचकारी लावून बघू या ना."

तिला रात्रभर चार्जिंगला लावली. दुसऱ्या दिवशी दोन-चार तास तशीच ठेवली, मग सहाही झाकणं उघडली. हायड्रोमीटरचा रबरी फुगा दाबून सोडायचा, आम्ल काचेत येतं, आत एक तरंगता काटा असतो. आम्ल जड असेल तर काटा वर तरंगतो, पातळ असेल तर बुडतो. पहिलं घर बाराशे चाळीस. दुसरं बाराशे चाळीस. तिसरं बाराशे पस्तीस. मला उगाच यांच्यासाठी अभिमान वाटू लागला. चौथ्या घरात काटा तळाशी बसला. अकराशे वीस. परत घेतलं, तेच. पाचवं आणि सहावं पुन्हा चांगलं.

सहांतलं एक घर गेलं होतं.

मी म्हटलं, "बाकीची पाच तर चांगली आहेत." हे बोलताना माझं मलाच कळत होतं. मुलीने वही उघडून माझ्यासमोर सरकवली. यांचं ते मोत्यासारखं अक्षर, खाली दोन रेघा मारलेल्या: 'एक सेल कमजोर असलेली बॅटरी चांगल्या बॅटरीला जोडू नये. चांगली बॅटरी रात्रभर तिला भरत राहते आणि सकाळी दोन्ही रिकाम्या.'

काय बोलणार! स्वतःच्याच बॅटरीविरुद्ध स्वतःच निकाल लिहून ठेवला होता त्यांनी. शिवाय तिचं वजन पन्नास किलोच्या पुढे. एवढं ओझं एका कडेला ठेवलं तर होडी कलणार. मी बराच वेळ जिन्यात बसून होते. विद्यार्थी म्हणाला, "बाई, मी घरी नुसती ठेवतो हवं तर." मी म्हटलं, नको. माझ्या हौसेपायी तुझ्या होडीत एक खोटी बॅटरी नको, आणि घरात ठेवून तरी काय करशील.

पुढच्या आठवड्यात आम्ही दौंडच्या बॅटरीच्या दुकानात गेलो. होडीसाठी ६० अँपिअर-तासांची, सीलबंद, आम्ल न सांडणारी बॅटरी घेतली आणि बदल्यात जुनी दिली. दुकानदाराने सांगितलं, त्यातलं शिसं वितळवून पुन्हा नव्या प्लेटा होतात, आणि २०२२ सालच्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे कंपन्यांना जुन्या बॅटऱ्या परत गोळा कराव्याच लागतात. तिला काट्यावर चढवली तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं. हल्ली हलक्या लिथियमच्याही मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून आम्ही तिघंही हसलो. शिवाय त्यांना चार्जिंगची वेगळी व्यवस्था लागते.

जोडणी दुकानातल्या मिस्त्रीनेच केली, पण मी वही घेऊन काठावर खुर्ची टाकून बसले होते. (मिस्त्री दोनदा म्हणाला, "आजी, मला येतं हो.") प्रत्येक बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज, म्हणजे पुढे कुठे वायर घासून टेकली तर आग लागायच्या आत फ्यूज उडेल. वायर जाड, कथील चढवलेल्या तांब्याची, कारण दमट हवेत साधं तांबं हिरवं पडतं. दोन्ही बॅटऱ्या झाकणाच्या पेटीत, पट्ट्याने आवळून, होडीच्या मध्यभागी खाली. पेटीला वर हवेची भोकं, कारण भरताना हायड्रोजन निघतो आणि तो कोंडला की एका ठिणगीचं काम. काढताना आधी मायनस काढायचं, लावताना शेवटी मायनस लावायचं. टर्मिनलला व्हॅसलीन. यांच्या खाकी पँटींना ऍसिडची भोकं पडायची, धुतल्यावर दिसायची, त्यामुळे मी पोराला जुने कपडे घालून यायला सांगितलं होतं आणि पिशवीत खायचा सोडा नेला होता. तो लागला नाही.

राहिला भरायचा प्रश्न. मशीनवर लिहिलं होतं, जास्तीत जास्त ६ अँपिअर, तेही पूर्ण वेगात. पक्षी बघायला होडी जाते मुंगीच्या पावलांनी. यावर मला डब्यातले दिवे आठवले. पूर्वी गाडीच्या आसावरून पट्टा जाऊन डायनामो फिरायचा, गाडी पळाली की बॅटरी भरायची. एक्सप्रेसचे दिवे लख्ख, आणि दर स्टेशनला थांबणाऱ्या पॅसेंजरचे दिवे पिवळे. हे म्हणायचे, "पॅसेंजरची बॅटरी कधी पोटभर जेवतच नाही." आपली होडीही पॅसेंजरच. वीस अँपिअर-तास काढले तर परत चोवीस-पंचवीस घालावे लागतात, काही वाया जातात. दोन तासांच्या संथ फेरीत ते भरणं शक्य नाही. म्हणून छतावर १०० वॉटचं सोलर पॅनेल आणि मधे नियंत्रक बसवला. चांगल्या उन्हात त्यातून ५ अँपिअर मिळतात, पाच तासांत पंचवीस. आपल्याकडे उन्हाला काय तोटा! पावसाळ्यात मात्र आठवड्यातून एकदा घरच्या चार्जरवर.

जानेवारीत परीक्षा घ्यायची ठरली. मला दोघांनी हाताला धरून होडीत चढवलं, नारिंगी जाकीट घातलं. मुलीचं म्हणणं होतं की जाकिटाशिवाय चावी फिरवायचीच नाही. काठापासून थोडं आत जाऊन मशीन बंद केलं आणि दुसऱ्या बॅटरीवर होतं नव्हतं ते सगळं लावलं. दोन्ही दिवे, स्पीकर, सहा मोबाईल. थंडी होती. लांब पाण्यात रोहितांची गुलाबी रेघ हळूहळू राखाडी झाली. आम्ही शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. मला राहून राहून वाटत होतं की हे पाणी माझ्या शिरूरच्या घोडनदीचंही आहे, भीमेत मिसळून इथवर आलेलं. दोन-अडीच तासांनी मुलीने मीटर लावला. दुसरी १२.३, पहिली १२.७.

"आजी, पहिलीला काहीच झालं नाही," ती म्हणाली.

"चावी फिरव," तिचा बाप म्हणाला.

तिने फिरवली. पहिल्या फटक्याला मशीन लागलं. त्या आवाजाने जवळपासचे बदक उडाले. विद्यार्थ्याने काही न बोलता होडी काठाकडे वळवली. लेकीने मोठा दिवा पाण्यावर धरला होता.

हायड्रोमीटर मी तिलाच देऊन टाकला. सीलबंद बॅटरीला तो चालत नाही हे तिनेच मला सांगितलं, पण भावाच्या होडीत, ट्रॅक्टरला, शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरला लागेल म्हणाली. वही मात्र दिलेली नाही. तिचे फोटो काढून नेलेत तिने मोबाईलमध्ये.

असो. फार लांबलं. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी आज उठून बॅटरीतलं पाणी तेवढं बघा, आणि झाकण उघडताना जवळ उदबत्ती नको. नाशिकच्या भाचीने हे विशेष लक्षात घ्यावं, तिचा देव्हारा नेमका बॅटरीच्या वर आहे!